घर पाहावं ठोकून

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपले पूर्वज सांगून गेले. घर विकत घेऊन पाहावं असं त्यांनी कुठंही म्हटलेलं नाही. हल्ली मात्र शहरातला माणूस घर बांधत नाही, बांधलेलं घेतो. आणि खिशाला झेपायचं असेल तर दुसऱ्यानं तीस-चाळीस वर्षं वापरलेलं घेतो. आता आपण नारळ घेताना तो कानाशी धरून हलवतो, मडकं बोटानं वाजवतो, भेंडीचं शेपूट मोडून बघतो. घर घेताना काय बघतो? दार पूर्वेला आहे का, आणि ओट्याजवळ मिक्सरला प्लग आहे का. झालं. जन्माची कमाई ओतायला एवढी चौकशी आपल्याला पुरते.

वास्तुशास्त्राची मी टिंगल करतोय असं समजू नका. माझी तक्रार उलटी आहे. आपण ते अर्धंच घेतलं. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिता’ लिहिली, तिच्यात वास्तुविद्येवर अख्खा अध्याय आहे. त्यात दिशा आहेत, पण जमिनीची परीक्षाही आहे. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच भरायची. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, आणि कमी पडली तर नमस्कार करून पुढं जायचं. किंवा खड्डा पाण्यानं भरायचा, शंभर पावलं जाऊन परत यायचं आणि पाणी किती उरलं ते बघायचं. यात कसला आलाय चमत्कार? भुसभुशीत जमीन पाणी पिते, एवढं आजचा इंजिनिअरही कबूल करील. पण आपण दिशा तेवढ्या ठेवल्या आणि खड्डा बुजवून टाकला. साहजिकच आहे म्हणा. दिशा खुर्चीत बसून सांगता येतात. खड्ड्यासाठी कमरेत वाकावं लागतं.

राहत्या घराच्या तपासणीची हकिगत तर याहून जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचं पुस्तक आहे. त्यात घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग उठले तर काय करायचं ते बारकाईनं सांगितलंय. मालकानं याजकाला कळवायचं. याजक यायच्या आधी घरातलं सामान बाहेर काढायचं, नाहीतर घराबरोबर तेही अशुद्ध ठरायचं! मग याजक डाग बघणार आणि घर सात दिवस बंद ठेवणार. डाग पसरला तर तेवढे दगड काढायचे, भिंती खरवडायच्या, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. आणि मला खरं कौतुक पुढच्या पायरीचं वाटतं. गिलावा झाल्यावर याजक पुन्हा बघायला येतो. डाग परत दिसला तर घर पाडा, दगडमाती गावाबाहेर टाका! नव्या गिलाव्यावर भाळणारा माणूस नव्हे तो.

आपण तिथंच भाळतो. नुसत्या जुन्या घराची मला भीती वाटत नाही. त्याच्या भेगा, पोपडे, लोणा, सगळं समोर असतं. भीती वाटते ती नुकतंच ‘नूतनीकरण’ केलेल्या जुन्या घराची. २५ जुलै २०१७ला मुंबईत घाटकोपरला सिद्धी साई नावाची चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर माणसं राहतच होती.

कायदाही या बाबतीत मजेशीर आहे. २०१६च्या रेरा कायद्यानं नव्या घराचा ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरनं दुरुस्त करायचा. जुनं घर घेणाऱ्यानं मात्र १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याकडं बघायचं. त्याच्या ५५व्या कलमात, साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्यानं तो सांगितलाच पाहिजे, असं आहे. म्हणजे दिसणारा दोष बघायचं काम आपलं. एजंट या कलमाबद्दल बोलत नाहीत. ते ‘क्रॉस व्हेंटिलेशन’बद्दल बोलतात.

गेल्या वर्षी आमच्या भाच्यानं दादरला एका जुन्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा पसंत केली. आमच्या सौभाग्यवतींचे मामा बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना बरोबर नेलं. हत्यारं तीन : लहान हातोडी, ओळंबा आणि नातवाची गोटी. मामांनी गोटी फरशीवर ठेवली, ती कुणालाही न विचारता बाल्कनीकडं निघाली. मामा नुसते ‘हं’ म्हणाले. मग हातोडीनं भिंत ठोकत गेले. धरलेला गिलावा टणक बोलतो, सुटलेला बद्द बोलतो. आतल्या खोलीत त्यांनी वर बघितलं.

“हे काय?”

“फॉल्स सीलिंग,” मालक म्हणाले. “शोभेला.”

“बाहेरच्या खोलीला शोभा नको होती?”

मालक हसले. इमारत तीस वर्षांच्या वरची, म्हणजे महापालिकेच्या नियमानं तपासणीचा अहवाल हवा. तो सेक्रेटरींकडं होता आणि सेक्रेटरी गावाला होते. मामा उठले आणि सरळ वरच्या मजल्यावर गेले. मागोमाग आम्ही. दार उघडणाऱ्या बाईंनी हातोडीकडं बघितलं आणि म्हणाल्या, “या, या. आमच्या मोरीचंच ना? खालचे चार वर्षं सांगतायत.”

खाली आल्यावर मालक म्हणाले, “पण तुम्ही विचारलंच नाहीत.”

“विचारायचं नसतं हो, सांगायचं असतं,” मामा म्हणाले. “१८८२पासून.”

सीलिंगचा एक तुकडा काढायचं ठरलं. मालकांनी निमूट स्टूल आणलं. मामांनी आधी टीव्ही आणि गादी बाहेर काढायला लावली. त्यांनी लेवीय वाचलेलं नाही, हे मी खात्रीनं सांगतो. तुकडा निघाला तशी स्लॅबची खपली खाली आली आणि वीतभर गंजलेली सळई दिसली. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडत जातं. शोभेच्या आड ते चार वर्षं बिनबोभाट चालू होतं.

इंजिनिअरचा अहवाल येईपर्यंत इसार द्यायचा नाही असं ठरलं. भाचा गोटी शोधत होता. ती बाल्कनीच्या कोपऱ्यात सापडली.