परमुलखातली मर्सिडीज

पूर्व आफ्रिकेहून येणाऱ्या जुन्या फोटोंची एक ठरावीक ठेवण असे. मध्यभागी मोटार, तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा असलेला घरधनी, शेजारी चापूनचोपून साडी नेसलेली बाई आणि पुढे ओळीने मुले. घर त्या फोटोत असलेच तर कुठेतरी मागे, अर्धवट. गोव्याच्या किनाऱ्यावरील आणि मुंबई-बडोद्याकडच्या अनेक घरांतल्या ट्रंकांमधून असे फोटो अजून निघतात. फोटो पाहताना आपण म्हणतो, "वा, काय गाडी होती!" पण घराला मागे सारून मोटार पुढे का आली, हे सहसा कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर शोधायला निघाले की एका मोटारीच्या निमित्ताने परदेशी वस्ती करणाऱ्या माणसांचा पाऊणशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

सुरुवात शब्दापासून करू. स्वाहिली भाषेत मोटारीला 'गारी' म्हणतात. ही आपलीच गाडी. मराठीत गाडी, कन्नडातही गाडी, आणि समुद्र ओलांडल्यावर 'गारी'. दुकानाला तिकडे 'दुका' म्हणतात आणि विम्याला 'बिमा'. म्हणजे गाडी, ती ज्याच्या नफ्यातून घेतली ते दुकान आणि तिचा उतरवायचा विमा, तिन्ही शब्द आपल्या कानाला ओळखीचे. मात्र ती गाडी दुरुस्त करणारा जो कारागीर, त्याला स्वाहिलीत 'फुंदी' म्हणतात. आपल्या भाषेत तो मिस्त्री. या लेखातला खरा नायक तोच आहे.

मिस्त्री तिकडे पोचला तो मोटारीच्या आधी, रेल्वेबरोबर. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात टाकला. त्यासाठी सुमारे ३२,००० मजूर आणि कारागीर करारावर हिंदुस्थानातून नेले, बहुतेक पंजाबातले. त्यांतले जवळजवळ २,५०० तिथेच मेले. सुमारे ६,७०० जण करार संपल्यावर तिथेच राहिले. लोहार, सुतार, फिटर अशी ही मंडळी. रेल्वेच्या कारखान्यात जे हात तयार झाले, त्यांच्याच पुढच्या पिढीने गावोगावी गॅरेजे थाटली. गोव्याचे लोक गेले ते मुख्यतः कचेऱ्यांत. गुजराती गेले दुकानदारीत. थोडेफार मराठी लोकही नोकरी-व्यवसायासाठी गेले.

राहिले खरे, पण रुजता येईना. केनियातील उत्तम शेतजमिनीचा उंच, थंड पट्टा 'व्हाइट हायलँड्स' या नावाने गोऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता. हिंदी माणसाला तिथे शेती घेता येत नसे. शहरातही वस्त्या वर्णानुसार वेगळ्या. सरकारी नोकरीत एकाच कामाला युरोपीयाचा पगार एक, आशियाईचा दुसरा आणि आफ्रिकनाचा तिसरा. मग मिळवलेला पैसा दाखवायचा कुठे? रस्ता मात्र सर्वांसाठी एकच होता. रस्त्यावर गोऱ्या मळेवाल्याच्या मोटारीशेजारी तशीच मोटार उभी करता येत होती. फोटोत घर मागे आणि गाडी पुढे येण्याचे एक कारण मला इथे दिसते.

आता गाडी कोणती? पुढची कथा घडते ती मुख्यतः मर्सिडीज-बेंझभोवती, आणि त्या गाडीचे नाव तिकडच्या रस्त्यांनीच गाजवले. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त केनिया, युगांडा आणि टांगानिका या तीन मुलखांतून 'कॉरोनेशन सफारी' नावाची मोटारस्पर्धा सुरू झाली. तीच पुढे ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली म्हणून जगभर ओळखली गेली. १९५९ आणि १९६० या दोन्ही वर्षी फ्रिट्शी आणि एलिस ही जोडी मर्सिडीज २१९ घेऊन पहिली आली. १९६१ साली जॉन मनुसिस मर्सिडीज २२० एसई घेऊन जिंकला. ओळीने तीन वर्षे एकाच कंपनीची गाडी जिंकल्यावर आणखी जाहिरात ती काय हवी!

ही शर्यत म्हणजे रस्त्यांचीच परीक्षा होती, आणि ते रस्ते कसे होते हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. तिकडे 'मुरम' म्हणतात ती तांबडी माती आपल्या कोकण-गोव्याच्या जांभ्याची बहीण. आणि जिथे ती संपते तिथे काळी रेगड, आपल्या देशावरच्यासारखीच, पाऊस पडला की चाकाला पोळीसारखी चिकटणारी. स्पर्धा भरे ईस्टरला, म्हणजे नेमकी मोठ्या पावसाच्या तोंडाशी. १९६३ साली आणि पुन्हा १९६८ साली एवढ्या मोटारी सुटल्या, पण शेवटपर्यंत पोचल्या फक्त ७!

शर्यतीतली गाडी दोन-चार दिवस तग धरली की काम झाले. घरची गाडी दहा-पंधरा वर्षे चालवायची असते. उन्हाळ्यात मुरमाचा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. हळू गेले तर हाडे खिळखिळी होतात, वेगात गेले तर शॉक अब्सॉर्बर निकामी होतात. पिठासारखी तांबडी धूळ दाराच्या रबरातून, डिकीतून, जिथे फट मिळेल तिथून आत शिरते. तेलाच्या भांड्यातून हवा गाळणारा जो फिल्टर, तो वेळेवर धुतला नाही तर तीच धूळ सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन घासून काढते. मोंबासा समुद्रकाठी आणि नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर. सुमारे ४८० किलोमीटरच्या एका प्रवासात हवा इतकी विरळ होते की खाली झकास चालणारे इंजिन वर आल्यावर काळा धूर ओकू लागते. मग कार्बोरेटर उघडून बसायचे. पुढे २२० एसईसारख्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी पंपाने पेट्रोल फवारणारे इंजिन आले, तेव्हा मिस्त्रीला नवी विद्या शिकावी लागली.

त्यात सुट्या भागांची अडचण. भाग येणार जर्मनीहून बोटीने. १९६७ च्या जून महिन्यात सुवेझ कालवा बंद झाला तो १९७५ च्या जूनमध्ये उघडला. ही आठ वर्षे युरोपातून मोंबासाला येणारे जहाज सबंध आफ्रिका खंडाला वळसा घालून येई. इजिप्त-इस्राएलच्या भांडणाशी ज्याचा काही संबंध नाही असा किसुमूचा दुकानदार एका गॅस्केटसाठी ताटकळत बसणार. अशा वेळी फुंदीची खरी किंमत कळे. तो लेथवर बुश कातून देई, मोडलेला पाटा तापवून सरळ करी, एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसवी. गाडी जर्मन, पण ती चालती राहिली ती पंजाबी आणि आफ्रिकन हातांनी.

या हातांचे कौतुक जगाने १९६५ साली पाहिले. केनियातल्या केरिचो गावात जन्मलेला जोगिंदर सिंग हा गॅरेजवाल्याचा मुलगा. वडिलांच्या गॅरेजातच हात काळे करून शिकलेला. त्या वर्षी भाऊ जसवंत याला शेजारी बसवून त्याने आधी वापरलेल्या एका व्होल्वो गाडीत सफारी जिंकली. पुढे १९७४ आणि १९७६ साली त्याने मित्सुबिशी लान्सर घेऊन ती पुन्हा जिंकली. मोठमोठ्या कंपन्यांचे चालक आणि त्यांचे लवाजमे मागे पडले. आपली गाडी कुठे दुखते आहे हे आवाजावरून ओळखणारा माणूस पुढे गेला. मालकाची गाडी आणि मिस्त्रीची गाडी यात हाच फरक असतो. मालकाला गाडीची किंमत माहीत असते, मिस्त्रीला तिचा स्वभाव.

तोवर काळ पालटला होता. १९६१ मध्ये टांगानिका, १९६२ मध्ये युगांडा, १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाले. गोऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत आफ्रिकन मंत्री बसला आणि पुष्कळदा मर्सिडीजमध्येही. लोकांनी त्यावर एक मासलेवाईक शब्द बनवला, 'वाबेंझी'. स्वाहिलीत 'वा' हे माणसांच्या अनेकवचनाचे उपपद. जमातींची नावे त्यावरूनच होतात. म्हणजे इतर जमातींसारखी ही 'बेंझवाल्यांची जमात'! गरीब माणसाने केलेला हा विनोद आहे, आणि त्याला धार आहे. गाडीकडे पाहणाऱ्याला ती कुणाची हे पुरते कळलेले असते, हे त्यातून दिसते. गाडीला टेकून फोटो काढणाऱ्या आपल्या लोकांकडे रस्त्याच्या कडेने अनवाणी जाणारा माणूस काय नजरेने पाहत असेल, याचा विचार त्या वेळी किती जणांनी केला? उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे. शेतजमीन नाकारली गेली हा आपल्यावरचा अन्याय खरा. पण ज्या आफ्रिकन पोऱ्याने गॅरेजात दिवसभर पाने उचलून दिले, त्याला पूर्ण विद्या शिकवायला आपलेही हात आखडले, हेही खरे.

मग आले १९७२. ४ ऑगस्ट रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांनी देश सोडावा असे जाहीर केले. मुदत ९० दिवसांची. ८ नोव्हेंबरपर्यंत पन्नास हजारांहून अधिक माणसांना निघावे लागले. सुमारे २७,००० ब्रिटनला गेले, काही हजार कॅनडाला, काही हजार भारतात. कुणी विमानाने, कुणी आगगाडीने मोंबासाला आणि तिथून बोटीने मुंबईला. बरोबर नेता येणारी रोकड सुमारे ५० पौंड. कंपालाहून एंटेबी विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जागोजागी सैनिकांची नाकी होती. तिथे दागिने, घड्याळे काढून घेतली जात. त्यातून जे विमानतळावर पोचले, त्यांतल्या कित्येकांनी गाडी तिथेच सोडली. इतकी वर्षे फिल्टर धुऊन, तेल बदलून, खरचटा येऊ न देता जपलेली गाडी उभी केली आणि ते चालते झाले.

या एका क्षणात मला सगळा इतिहास दिसतो. जमीन कुणी घेऊ देईना, म्हणून माणसाने चाकांवरची मालमत्ता केली. कारण ती हलवता येते असे वाटले. आणि ऐनवेळी तीच हलवता आली नाही. पुढे १९८२ साली युगांडात जप्त मालमत्ता परत करण्याचा कायदा झाला. नव्वदीच्या दशकात अनेकांना घरे आणि दुकाने परत मिळाली. जी हलत नव्हती, ती वीस वर्षांनी सापडली. गाडी कोण कुठे शोधणार?

त्याच १९७२ साली, शेजारच्या केनियात, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात उघड्यावर बसून पत्रा ठोकणाऱ्या, गाड्या जोडणाऱ्या, भांडी घडवणाऱ्या छोट्या कारागिरांच्या कामाला 'अनौपचारिक क्षेत्र' म्हटले होते. हा शब्द पुढे जगभरच्या अर्थशास्त्रात रुळला. केनियातले लोक त्याला 'जुआ काली' म्हणतात. जुआ म्हणजे सूर्य, काली म्हणजे कडक. कडक उन्हात काम करणारे. हिंदी गॅरेजांत पाने उचलून देणारे कित्येक पोरगे एव्हाना स्वतःच फुंदी झाले होते. कुणी शिकवले म्हणून, कुणी पाहून पाहून शिकले म्हणून. विद्या कुणाच्या ट्रंकेत मावली नाही, आणि कोणत्याही नाक्यावर कुणाला ती काढून घेता आली नाही. देश सोडून गेलेल्या मिस्त्रीनेही ती बरोबर नेली, आणि मागे राहिलेल्याकडेही ती उरली.

परदेशी राहून उंची गाडी बाळगणे म्हणजे पैशाचे काम असे आपण समजतो. पैशाने ती विकत घेता येते, एवढेच. ती चालती राहते ती ज्या मुलखात आपण राहतो तिथल्या मातीची जाण असलेल्या माणसांमुळे. त्या माणसांशी आपले नाते किती खरे, यावर आपले तिथले राहणेही अवलंबून असते.

जुन्या ट्रंकेतून तसला एखादा फोटो निघालाच, तर पुन्हा एकदा नीट पाहावा. घरधनी दिसेल, बाई दिसेल, मुले दिसतील, धुऊन पुसून लखलखीत केलेली गाडी दिसेल. ती लखलखीत ठेवणारा माणूस मात्र फोटोत नसेल. बहुधा तो चौकटीच्या बाहेर, हातात फडके घेऊन उभा असेल.