पाण्याचा रंग आणि शैवालाचे विष

समुद्रात व जलाशयांत सूक्ष्म शैवाले नेहमीच असतात. पोषक द्रव्ये व सूर्यप्रकाश मुबलक मिळाला की त्यांची झपाट्याने वाढ होऊन पाण्याचा रंग पालटतो. यालाच शैवालांचा बहर म्हणतात. प्रत्येक बहर विषारी नसतो. म्हणूनच त्यावर पाळत ठेवणे कठीण असते.

उन्हाळ्याच्या सुमारास गोव्याच्या किनाऱ्यावर भुशासारखा दिसणारा तवंग ‘ट्रायकोडेस्मियम’चा असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईत जुहू येथे रात्री लाटा निळसर चमकल्या, त्या ‘नॉक्टिल्युका’मुळे. याची दाट वाढ पाण्यातील प्राणवायू घटवून माशांना घातक ठरू शकते.

माणसाला खरा धोका शिंपल्यांतून होतो. तिसऱ्या, कालवे पाणी गाळून अन्न मिळवतात. विषारी शैवाल असल्यास विष त्यांच्या शरीरात साठते. केरळमध्ये विळिंजम येथे १९९७ मध्ये असे शिंपले खाल्ल्याने सात जण दगावले. ‘सॅक्सिटॉक्सिन’ हे विष शिजवूनही नष्ट होत नाही. शिंपल्यांच्या एक किलो मांसात ०.८ मिलिग्रॅम ही त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांच्या साह्याने समुद्रातील हरितद्रव्य मोजून बहरांची माहिती देते. भारताने १९९९ मध्ये सोडलेल्या ‘ओशनसॅट-१’वर समुद्राचा रंग टिपणारे उपकरण होते. परंतु पावसाळी ढगांतून ते दिसत नाही आणि रंगावरून विष कळत नाही. त्यासाठी पाण्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जात ओळखावी लागते आणि शिंपल्यांतील विषाची प्रयोगशाळेत चाचणी करावी लागते.

हा प्रश्न केवळ किनाऱ्याचा नाही. औशासारख्या समुद्रापासून दूरच्या गावांतही उन्हाळ्यात तलाव आटतात, पाणी तापते आणि शेतांतून वाहून आलेली खते त्यात साचलेली असतात. अशा गोड्या पाण्यात नील-हरित शैवाल वाढते. त्याच्या काही जाती ‘मायक्रोसिस्टिन’ हे यकृताला अपायकारक विष तयार करतात. पिण्याच्या पाण्यात त्याच्या ‘एलआर’ या प्रकाराचे प्रमाण लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन होते. २०२० मध्ये ही मर्यादा सर्व मायक्रोसिस्टिनांच्या एकत्रित प्रमाणास लागू करण्यात आली. पाणी उकळल्याने हे विष जात नाही.

पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसल्यास ते पिऊ नये, जनावरांनाही पाजू नये आणि पाणीपुरवठा विभागास कळवून तपासणी करून घ्यावी.