शिकारी बंदुकीचा धक्का

रायपुरास बदलून आलेल्या आम्हां मराठी नोकरदारांच्या कानांवर येथील जुन्या शिकारकथा हटकून पडतात. त्यांत वाघ असतो, रानरेडा असतो, सांगणाऱ्याचे आजोबाही असतात. बंदुकीने खांद्यास दिलेला धक्का मात्र क्वचितच असतो. वस्तुतः त्या धक्क्यावाचून या अरण्याचा इतिहास पुरता कळत नाही, असे आम्हांस वाटते.

गोळी ज्या जोराने पुढे जाते त्याच जोराने बंदूक मागे रेटली जाते, हा न्यूटनचा नियम. रानरेडा थांबवावयाचा तर गोळी जड हवी, दारू भरपूर हवी. मग धक्काही तसाच बसावयाचा. सॅम्युअल बेकरने १८६१-६२ च्या सुमारास अॅबिसिनियात अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकणारी 'बेबी' नावाची बंदूक नेली होती. ती झाडली की हा धिप्पाड गृहस्थ गर्रकन फिरे! पुढे मध्यप्रांतात वाघांमागे हिंडणाऱ्या याच बेकरने पुरस्कार केला तो ०.५७७ इंची, १२ पौंड वजनाच्या रायफलीचा. दारू व गोळी तीच ठेवून बंदूक दुप्पट जड केली, तर तिचा मागे येण्याचा वेग निम्मा होतो आणि खांद्यावर आदळणारी ऊर्जाही निम्मी. ओझे वाहावयास बरोबर गडी असतच.

नंतर दस्त्यास रबराची गादी आली. तिने धक्का नाहीसा होत नाही, थोड्या अधिक वेळात पसरतो, इतकेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली. ती वजनाने थोडी लागे, म्हणून धक्का उतरावयास हवा होता. परंतु बंदूक करणाऱ्यांनी ती सारी बचत गोळीचा वेग वाढविण्यात खर्चून टाकली.

धक्क्याच्या धास्तीने मनुष्य चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि नेम चुकतो. या धास्तीने काही जनावरे वाचली असतील. काही जखमी होऊन झुडपांत तडफडत मेलीही असतील. म्हणून धक्का सौम्य करणे हे निव्वळ चैनीचे काम होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण खांदा दुखावला नाही म्हणजे दुसरी गोळीही शांतपणे सुटते. १९४७ साली कोरिया संस्थानात महाराज रामानुजप्रताप सिंह देव यांनी रात्री मोटारीतून तीन चित्ते मारल्याची नोंद आहे. पहिल्या गोळीस एक पडला, दुसरीस दोन. पुढे १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

शिकारीवर कायद्याचा खरा आळा बसला तो १९७२ साली. ज्या पशूसाठी जड बंदुका लागत, तो रानरेडा पूर्वीच्या रायपूर जिल्ह्यातील उदंतीच्या रानात आज बोटांवर मोजण्याइतकाच उरला आहे. छत्तीसगडचा राज्यपशू म्हणून मान मिळाला आहे तो त्याच्याच जातीला, रानम्हशीला.