अरबी समुद्रातील चक्रीवादळे आणि कोकण

बंगालचा उपसागर वादळांचा आणि अरबी समुद्र त्या मानाने शांत, ही समजूत हवामानशास्त्रात दीर्घकाळ रूढ होती. उपसागरात चार चक्रीवादळे झाली तर अरबी समुद्रात एक, असे ढोबळ प्रमाण धरले जाई. एकविसाव्या शतकात ते बिघडले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली आणि त्यांचा एकूण कालावधी ८० टक्क्यांनी. उपसागरातील संख्या मात्र किंचित घटली. या बदलाचा कोकणावरील परिणाम सहसा वाऱ्याचा वेग आणि बळींची संख्या यांवरून सांगितला जातो. हे माप अपुरे आहे. वादळ वर्षातल्या कोणत्या आठवड्यात येते आणि त्याने मोडलेली गोष्ट पुन्हा उभी राहायला किती वर्षे लागतात, यावरच कोकणातले नुकसान ठरते.

चक्रीवादळाला ऊर्जा मिळते ती समुद्रपृष्ठावरून होणाऱ्या बाष्पीभवनातून. त्यासाठी पाणी साधारण २६.५ अंश सेल्सियसहून उबदार लागते. अरबी समुद्राचे पाणी गेल्या शतकात सतत तापत गेले असून मोसमी पावसाआधी ते आता वादळाला हवे त्यापेक्षा बरेच उबदार असते. ऐन पावसाळ्यात खालच्या आणि वरच्या थरांतले वारे परस्परविरुद्ध दिशांनी वाहत असल्याने वादळाचा मनोरा उभा राहू शकत नाही. म्हणून वादळांचे हंगाम दोन : एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. कोकणची वर्षभराची कमाईही नेमकी याच दोन खिडक्यांत अडकलेली आहे. मे महिन्यात हापूसची शेवटची तोड चालू असते आणि मासेमारीबंदीपूर्वीच्या अखेरच्या फेऱ्या व्हायच्या असतात. ऑक्टोबरात भात कापणीला येते आणि बोटी भर समुद्रात असतात.

२०१९ चे ‘क्यार’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. २००७ च्या ‘गोनू’नंतरचे अरबी समुद्रातले हे दुसरे महाचक्रीवादळ. ते महाराष्ट्राच्या किनाऱ्याला आदळलेच नाही. दूरवरून पश्चिमेकडे सरकले. त्याच सुमारास ‘महा’ हे दुसरे वादळही याच समुद्रात होते. आदळले नाही म्हणजे वाचलो, असे वृत्तपत्री गणित इथे चालत नाही. कापून आडवे केलेले भात शेतातच भिजले, लोंब्यांना कोंब फुटले, पेंढा काळा पडला. म्हणजे माणसाचे धान्य गेले आणि गुरांची वैरणही. बोटी बंदरात अडकल्या. बांबूच्या चौकटींवर वाळत घातलेले बोंबील अशा हवेत सडतात. बळींच्या हिशेबात यातले काहीच उमटत नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. मनुष्यहानी तुलनेने थोडी झाली, पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली पट्ट्यातल्या माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचे खोड सडपातळ आणि उंच, त्यामुळे ते मधूनच मोडते. मोडलेल्या पोफळीला नवा फुटवा येत नाही, रोपापासूनच सुरुवात करावी लागते. त्यातही अडचण अशी की कोवळ्या रोपाला सावली लागते आणि ती धरणारे माडच पडलेले असतात. म्हणून आधी केळी लावायची, मग पोफळ. पीक सुरू व्हायला पाच ते आठ वर्षे आणि भर यायला आणखी काही. एवढ्या काळात वादळांचे पंधरा-वीस हंगाम येऊन जातात. त्यातले एखादे वादळ जरी पुन्हा याच पट्ट्यावर आले तरी वाडी मुळातच राहत नाही. श्रीवर्धनची प्रसिद्ध सुपारी, रोठा, अशा हिशेबावर टिकून आहे. भरपाईचा मूळ निकष हेक्टरी होता. दाट लावणीच्या वाडीत तो तोकडा पडतो, हे बागायतदारांनी लावून धरल्यावर झाडामागे रक्कम देण्याचे ठरले. सुधारणा रास्त होती, तरी झाड मोजले गेले, वर्षे नाहीत.

वादळे पूर्वीही येत होती, हा आक्षेप खरा आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला चक्रीवादळाचा मोठा तडाखा बसला होता. (१८८२ साली मुंबईत लाखभर माणसे दगावल्याची कथा मात्र अनेक याद्यांत उतरली असली, तरी समकालीन नोंदींत तिला आधार सापडत नाही.) उपग्रहांपूर्वीच्या नोंदी अपुऱ्या आहेत आणि २०१९ मध्ये हिंद महासागरातील द्विध्रुवाची धन अवस्था (पश्चिमेचे पाणी पूर्वेच्या तुलनेत जास्त उबदार) तीव्र होती, हेही मान्य करायला हवे. एकेका वादळाचे खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. पण द्विध्रुवाचा झोका पूर्वीही होताच. आता तो आधीच तापलेल्या पाण्यावर चालतो, आणि वाढीचा कल उपग्रहकालीन नोंदींतच दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पूर्वसूचना सुधारल्या, माणसे वाचतात, मग समाज जुळवून घेतोच आहे की. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१९ च्या ‘फनी’त हा आकडा शंभराच्या आत राहिला. हे यश निर्विवाद आहे. मात्र निवाऱ्यात माणसे नेता येतात, वाडी नेता येत नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत सरकत असताना झाडावरचा हापूस आधी उतरवायला ना मजूर होते ना वेळ, शिवाय कच्चे फळ उतरवून उपयोग नव्हता. मच्छीमारांची स्थिती याहून अवघड. इशारा मिळताच बोट परत आणावी लागते. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा खर्च झालेला असतो. वादळाने दिशा बदलली की त्या फेरीची नोंदही राहत नाही, कारण पंचनामा फुटलेल्या बोटीचा आणि फाटलेल्या जाळ्याचा होतो.