लखोटा ते ई-मेल : किल्ली कोणाच्या हाती?



इतिहास हा माझा व्यवसाय नव्हे. मी बेळगावातला एक होमिओपॅथीचा डॉक्टर. तरीही आजच्या विषयाने मला इतिहासात नेले, ते एका रुग्ण बाईंच्या प्रश्नामुळे. आमच्या शास्त्रात रुग्णाचा सगळा वृत्तांत लागतो. ताप-खोकल्याबरोबर त्याची भीती, स्वप्ने, घरातले कलह, कोणालाही न सांगितलेली दुःखेही विचारावी लागतात. पूर्वी परगावचे रुग्ण हे सारे आठ-आठ पानी पत्रांत लिहून पाठवीत. आता ई-मेलने पाठवतात. त्या बाईंनी विचारले, "डॉक्टर, हे मेलवर लिहिले तर तुमच्याशिवाय कोण वाचेल?" मी म्हणालो, "कोणी नाही." घरी गेल्यावर लक्षात आले, की हे मी खात्री नसताना बोललो. खरे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हा प्रश्न ई-मेलपेक्षा फार जुना आहे. १८४४ साली जोसेफ मॅझिनी लंडनमध्ये परागंदा होऊन राहत होता. सावरकरांनी १९०७ साली त्याचे आत्मचरित्र मराठीत आणले आणि इंग्रज सरकारने ते जप्त केले, त्यामुळे हे नाव आपल्याला परके नाही. आपली पत्रे कोणीतरी उघडते आहे, असा मॅझिनीला संशय आला. त्याने पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस घालून पाहिले. पत्र पोहोचले तेव्हा दाणे गळालेले असत. थॉमस डंकोम्ब या सभासदाने प्रकरण पार्लमेंटात मांडले आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनीच पत्रे उघडण्याचा हुकूम दिला होता हे बाहेर आले. एवढा गदारोळ झाला, की टपाल खात्यातली परदेशी पत्रे फोडणारी गुप्त कचेरी त्याच वर्षी बंद करावी लागली. गृहमंत्र्याचा हुकूम काढण्याचा अधिकार मात्र शाबूत राहिला. या विषयात पुढे वारंवार असेच घडलेले दिसते : एखादी कचेरी बंद होते, अधिकार टिकून राहतो.

आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याने तारा अडवण्याचा आणि १८९८ च्या टपाल कायद्याच्या २६ व्या कलमाने पत्रे अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. कारण म्हणून 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' हे शब्द वापरले. इंग्रज गेले, कलमे राहिली. १९८६ साली हा अधिकार आणखी रुंद करणारे टपाल दुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. ते विधेयक कायदा झालेच नाही. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन चोरून ऐकण्याच्या खटल्यात काही बंधने घातली : हुकूम गृहसचिवाच्या पातळीवरचा हवा, त्याला मुदत हवी, एका समितीने तो तपासायला हवा. पण हुकूम काढण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची अट घातली नाही. आजही ती नाही. १८९८ चा टपाल कायदा आता गेला. त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही टपाल अडवण्याचे कलम आहेच.

आता ई-मेलकडे वळू. पत्र टपालातून जाते आणि आपल्या हाती पडते. टपाल खात्याकडे त्याची नक्कल राहत नाही. ई-मेलची प्रत कंपनीच्या यंत्रावर वर्षानुवर्षे पडून असते. बहुतेक मोठ्या कंपन्या मजकूर कुलपात ठेवतात हे खरे. पण किल्लीही त्यांच्याच खिशात असते. म्हणून सरकारला पोस्टमनच्या मागे धावावे लागत नाही, कंपनीच्या दारात जाऊन किल्ली मागितली की पुरते.

लॅव्हाबिटची हकिकत याच किल्लीची आहे. लाडार लेव्हिसन या तरुणाने २००४ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये ही छोटी ई-मेल सेवा सुरू केली. पुढे तिचे सुमारे ४ लाख १० हजार ग्राहक झाले. त्यांतला एक होता एडवर्ड स्नोडेन. जून २०१३ मध्ये त्याने अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रे वर्तमानपत्रांकडे दिली. त्यानंतर सरकारने एका ग्राहकाची माहिती मागितली आणि पुढे साऱ्या सेवेचीच गुप्त किल्ली मागितली. ती दिली असती तर एकाच्या नव्हे, सगळ्यांच्याच पत्रव्यवहाराचे दार उघडले असते. लेव्हिसनने किल्ली दिली ती कागदावर, डोळ्यांना वाचता येऊ नये इतक्या बारीक टाइपात, अकरा पानांवर छापून. न्यायालयाने रोज पाच हजार डॉलर दंड ठोठावला. अखेर त्याने वापरता येईल अशी किल्ली दिली आणि ८ ऑगस्ट २०१३ रोजी सेवाच बंद करून टाकली. कारण सांगण्यास त्याला कायद्याने मनाई होती.

कोणी म्हणेल, मग अमेरिकेबाहेरची सेवा घ्यावी. सर्न या संशोधनसंस्थेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली जिनिव्हात प्रोटॉनमेल सुरू केली. तिची रचना अशी, की साठवलेला मजकूर उघडण्याची किल्ली कंपनीकडे नसतेच, ग्राहकाकडे असते. तरीही २०२१ साली फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या प्रकरणात स्विस अधिकाऱ्यांच्या हुकुमावरून या कंपनीला त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रांतला मजकूर देता आला नाही, पण पत्रे वापरणारा कुठून येतो ते कळले. लखोट्याच्या आतले सुरक्षित राहिले, वरचे नाही.

आपल्या देशातली सेवा घेतली तरी हा प्रश्न सुटत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाने सरकार मजकूर उलगडून मागू शकते. सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डिसेंबर २०१८ मध्ये दहा तपाससंस्थांना हा अधिकार देणारा आदेश निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. अमेरिकी कंपनीकडे गेलो तर तिथला २००८ चा एक कायदा परदेशस्थ परकीय माणसाचा पत्रव्यवहार परराष्ट्रविषयक माहितीसाठी, प्रत्येकाचे वेगळे वॉरंट न घेता मिळवू देतो. त्या हिशेबात बेळगावचा डॉक्टर परकीयच.

सरकारने कधीच पाहू नये, असे माझे म्हणणे नाही. अपहरण झालेल्या मुलाचा माग काढायचा असेल तर पाहावेच लागेल. आम्हा डॉक्टरांनाही काही गोष्टी पोलिसांना कळवाव्या लागतात. प्रश्न इतकाच, की कोणाच्या सहीने, किती काळ, आणि नंतर त्याचा जाब कोण विचारणार.

माझ्या घरी लहानपणापासून तत्त्वार्थसूत्राचे पठण ऐकले आहे. सत्याणुव्रताचे पाच अतिचार उमास्वामींनी त्यात सांगितले. त्यांतला एक रहोभ्याख्यान, म्हणजे एकांतातली गोष्ट चव्हाट्यावर आणणे. दुसरा साकारमंत्रभेद, म्हणजे बाहेरच्या खुणांवरून दुसऱ्याचा मनसुबा ओळखून तो फोडणे. कोण कोणाला केव्हा लिहितो, एवढ्यावरून माणूस वाचणे हे दुसऱ्याच्या फार जवळ जाते. दुसऱ्याचे गुपित फोडणे हा आपल्या परंपरेने सत्याचाच भंग मानला, हे मला महत्त्वाचे वाटते.

म्हणून सेवा निवडताना मी आता तीन प्रश्न विचारतो. कंपनी कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे? मजकुराची किल्ली तिच्याकडे आहे की माझ्याकडे? आणि पाकिटावरची कोणती नोंद ती ठेवते? तिन्हींची समाधानकारक उत्तरे देणारी सेवा मला अजून सापडलेली नाही. किल्ली माझ्याकडे राहील अशी सेवा मी घेतली. पण समोरच्याचीही सेवा तशीच नसेल तर त्याच्या बाजूची प्रत उघडीच राहते, हे ध्यानात ठेवून.

त्या बाई पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा मी त्यांना सांगितले, "मागच्या वेळी मी चुकीचे बोललो. मी कोणाला दाखवणार नाही, हे माझे वचन. पण दुसरे कोणी पाहू शकणार नाही, असे मी म्हणू शकत नाही. औषधाचा परिणाम मेलवर कळवा. मनातले मात्र इथे बसून सांगा." त्या हसल्या, म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी जरा जास्त वेळ द्या." तेवढा वेळ मी आता राखून ठेवतो.