मँगनीजच्या पैशातून उभे राहिलेले महाविद्यालय

सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड तालुक्यात शेंदूरजनाघाट वसले आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम तयार करण्याच्या कसबासाठी हे गाव ओळखले जाते. फळ मात्र आजही बहुतांशी जसेच्या तसे बाहेर जाते. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले की इथल्या बागेतला सौदा कोसळतो.

कच्चा माल बाहेर धाडण्याची ही रीत या मुलखाला जुनीच. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरला वऱ्हाडच्या कापसाची निकड भासली. पाठोपाठ रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. सरकी काढायची, गाठी बांधायच्या आणि मुंबईला रवाना करायच्या, यापलीकडे यंत्राचे काम इथे फारसे नव्हते. नागपूरची एम्प्रेस मिल (१८७७) हा ठळक अपवाद.

त्याच कापसावर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांपुढे निराळा प्रश्न होता. यंत्रे विलायतेची आणि ती सांभाळणारे वरिष्ठ तंत्रज्ञही बरेचसे विलायतेचेच. देशी माणूस तयार व्हावा म्हणून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी तिला भायखळ्याची वास्तू दिली. यंत्रशास्त्र आणि वस्त्रनिर्मिती हे विषय तिथे शिकवले गेले, ते शेजारच्या गिरण्यांना हवे होते म्हणून. उद्योगाने केवळ पैसा दिला नाही, आपली गरजही वर्गात आणून ठेवली. आज ‘इंडस्ट्री-अकॅडेमिया’ हा शब्द नव्या शोधासारखा मिरवतो, तेव्हा हे साल ध्यानात असलेले बरे!

विदर्भातली गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. मध्य प्रांतातले मँगनीज खनिज मुख्यतः परदेशी पोलादासाठी बोटीत भरले जाई. म्हणजे संपत्ती कमावली ती कच्चा माल विकून. पण १९३० मध्ये त्यांनी नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपयांची देणगी दिली, ती उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी. कच्च्या मालाचा पक्का माल करणारी विद्या हीच होती. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती.

वर्ग मात्र १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात सुरू झाले. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रासायनिक अभियांत्रिकीच्या जोडीला तेल तंत्रज्ञान आणि पुढे अन्न तंत्रज्ञानही आले. सरकी आणि संत्रे पिकवणाऱ्या मुलखाला याहून जवळचे विषय कोणते? अमरावतीला स्वतःचे विद्यापीठ १९८३ मध्ये मिळाले. तोवर वऱ्हाडच्या मुलांचे विद्यापीठ नागपूरचेच होते.

तरीही भायखळ्याचा अनुभव इथे तसाच उतरला नाही. तिथे आधी गिरण्या होत्या, मग शाळा. इथे पैसा आणि प्रयोगशाळा होत्या. पदवीधराची वाट पाहणारे कारखाने मात्र दाराशी रांगेने उभे नव्हते. देणगीदाराची दृष्टी कितीही लांबची असली, तरी एक देणगी अख्खा उद्योग वसवू शकत नाही. हा दोष संस्थेच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

२०२३ मध्ये या संस्थेचे स्वतंत्र राज्य विद्यापीठात रूपांतर झाले. शेंदूरजनाघाटापासून ती साधारण शंभर किलोमीटरवर आहे.