महामारी, दुकानदारी आणि कंपनीचा आयकर

बाटा हे नाव आपल्या घरांत इतके मुरले आहे की, ही कंपनी मूळची परदेशी आहे असे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटते. १८९४ साली, आजच्या चेक देशातील झ्लिन या गावी, तोमाश बाटा व त्याच्या भावंडांनी ती काढली. १९३१ साली ती हिंदुस्थानात आली आणि कलकत्त्याजवळ बाटानगर वसले. या कंपनीच्या हिंदी शाखेची २०१९-२० सालची विक्री तीन हजार कोटी रुपयांवर होती व निव्वळ नफा सुमारे ३२९ कोटी. पुढल्याच वर्षी विक्री सतराशे कोटींच्या आसपास उतरली आणि नफ्याच्या जागी सुमारे ८९ कोटींचा तोटा उभा राहिला. शाळा बंद, कचेऱ्या बंद, लग्ने घरातल्या घरात. नवे बूट घालून माणसाने जावे कोठे? अशा वर्षी कंपनीच्या आयकराचे काय होते, हा आमचा विषय.

श्रोतेहो, आम्ही या विषयाकडे पुस्तकांतून आलो नाही. चिंचोटीला अहमदाबादचा हमरस्ता सोडून कामण-भिवंडीकडे फाटा फुटतो. भिवंडीच्या बाजूची गोदामे आणि त्यांत राबणारी आमच्या भागातील माणसे आपणांस ठाऊकच आहेत. २०२० च्या मे महिन्यात अशाच एका गोदामातील ठेकेदाराची माणसे आमच्याकडे आली. गोदाम एका परदेशी दुकानदार कंपनीचे होते. (ती बाटा नव्हे, नाव घेण्याचे येथे कारण नाही.) बंदच्या काळातील मजुरी मिळाली नव्हती. आम्ही व्यवस्थापकांस गाठले, तेव्हा ते म्हणाले, "अहो काका, यंदा कंपनीला सरकारला टॅक्स देण्याइतकेही उत्पन्न नाही, तुमच्या लोकांना कोठून देणार?" यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. म्हणून आम्ही ताळेबंद वाचावयास शिकलो.

महामारीत सर्वांचेच दिवाळे वाजते, असे मानणे प्रथम सोडले पाहिजे. १९१८ सालचा इन्फ्लुएंझा आठवा. त्या वर्षी ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. आणि त्याच काळात, महायुद्धामुळे विलायती कापड येईनासे झाल्याने, गिरण्यांचे नफे फुगले होते. चाळींतून प्रेते निघत होती आणि भागधारकांस लाभांश मिळत होता. महागाईने पिचलेल्या लाखावर गिरणी कामगारांनी १९१९ च्या जानेवारीत संप केला. सरकारनेही त्याच साली जादा नफ्यावर कर बसविला. नेहमीहून अधिक झालेल्या नफ्याचा निम्मा हिस्सा, पण एका वर्षापुरता. २०२० साली औषधवाल्यांची व घरपोच माल देणाऱ्यांची भरभराट झाली. तेव्हा मात्र आपल्या देशात असा कर कोणी बसविला नाही.

आता मूळ गोष्ट. जीएसटी विक्रीवर असतो. आयकर नफ्यावर असतो. दुकानाचे भाडे, व्याज, पगार हे खर्च विक्री निम्मी झाली म्हणून निम्मे होत नाहीत. म्हणून विक्री थोडी घटली तरी नफा पुष्कळ घटतो, आणि त्याबरोबर कर. तोटा झाला की कर शून्य. परंतु हिशेब येथे संपत नाही. १९३९ च्या दुरुस्तीपासून आपल्या आयकर कायद्यात धंद्यातील तोटा पुढील वर्षांकडे नेण्याची सोय आहे. १९६१ च्या कायद्याने ती आठ वर्षांची ठेवली. शंभर रुपयांचा तोटा म्हणजे पुढे कधी तरी वाचणारा सुमारे पंचवीस रुपयांचा कर. कंपनी तो आजच मालमत्ता म्हणून वहीत मांडते, म्हणून छापील तोटा पंचाहत्तरच दिसतो. पुढे नफा होण्याची खात्री मात्र असावी लागते. नाही तर हिशेबतपासनीस ती मालमत्ता मान्य करीत नाही.

अमेरिकेने तर २०२० च्या मार्चमध्ये उलटी वाट काढून दिली. २०१८ ते २०२० या वर्षांतील तोटा मागील पाच वर्षांच्या नफ्यातून वजा करा आणि भरलेला कर परत घ्या! २०१८ पूर्वी तेथील कंपनीकराचा दर ३५ टक्के होता, नंतर २१. म्हणजे आजचा तोटा जुन्या चढ्या दराने वटविता येऊ लागला. अनेक देशांत दुकाने असलेल्या कंपनीस प्रत्येक देशाचा असा निराळा कायदा पाहून चालावे लागते. एका देशातील शाखेचा तोटा दुसरीकडच्या शाखेच्या नफ्यातून सहसा वजा होत नाही.

आपल्या तिजोरीचे पाहू. २०१८-१९ साली कंपनीकर सुमारे ६ लाख ६३ हजार कोटी रुपये जमला; २०१९-२० साली ५ लाख ५७ हजार कोटी; २०२०-२१ साली ४ लाख ५७ हजार कोटी. दोष सगळा महामारीचा असे म्हणण्याचा मोह होतो. पण टाळेबंदी लागली २५ मार्च २०२० रोजी, वर्ष सरत आले असताना. पहिली घसरण तिच्या आधीची होय, आणि तिचे मोठे कारण सप्टेंबर २०१९ मध्ये खाली आणलेला कराचा दर. २०२०-२१ साली तर व्यक्तींनी भरलेला आयकर कंपन्यांच्या करापेक्षा अधिक भरला. पगारदाराचा कर पगारातूनच कापला जातो. त्याला तोट्याचे वर्ष दाखविता येत नाही.

मजुरीही खर्चच असते. बंदच्या काळात दिलेल्या शंभर रुपये मजुरीपैकी सुमारे पंचवीस रुपये कंपनीस आज ना उद्या करातून सुटणार होते. हे व्यवस्थापकांस ठाऊक नव्हते असे आम्हांला वाटत नाही. केंद्र सरकारने २९ मार्च २०२० रोजी बंदच्या काळातील मजुरी देण्याचा आदेश काढला होता. १८ मेपासून तो उरला नाही. मजुराचा बुडालेला रोज मात्र कोणत्याच वहीत पुढे ओढला जात नाही.

हे सारे कागदावर मांडून आम्ही पुढल्या वर्षी पुन्हा त्या गोदामावर गेलो. कंपनी नफ्यात आली होती आणि मागचा तोटा वजा करीत होती. व्यवस्थापकांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि मजुरीचे ठेकेदाराशी बोला म्हणून सांगितले. ठेकेदार तोवर बदलला होता.